पट्टा वाजला, पण दूध कोण फेकणार?

म्हशीच्या गळ्यात हा पट्टा बांधा, ती आजारी पडण्याच्या एक-दोन दिवस आधी तुमच्या मोबाइलवर मेसेज येईल, असं विकणारा सांगतो तेव्हा तो खोटं बोलत नसतो. पट्ट्यातलं तंत्रज्ञान खरं आहे, त्यामागचं संशोधनही खरं आहे. माझी तक्रार तो मेसेज कोणाला येतो याबद्दल आहे. मुंबईतल्या तबेल्यात तो अशा माणसाकडे जातो, ज्याला तो वाचून शहाण्यासारखं वागण्यात आज तरी तोटा आहे. हा तोटा कोण सोसणार हे न ठरवता सरकारी अनुदानातून पट्टे वाटायची कल्पना अधूनमधून मांडली जाते. ती मला पटत नाही.

विषय लांबचा वाटेल, पण गोरेगाव, जोगेश्वरी, मालाड या भागात राहणाऱ्यांना तबेल्याचा वास ओळखीचा आहे. शहरभर हजारो घरांत आजही सुट्टं म्हशीचं दूध येतं, आणि पिशवीतल्या दुधापेक्षा जास्त पैसे मोजून येतं. मार्च २०२३ मध्ये मुंबईतल्या दूध उत्पादकांनी म्हशीच्या सुट्ट्या दुधाचा घाऊक भाव लिटरला ८० वरून ८५ रुपयांवर नेला, तेव्हा दोन दिवस ओरड झाली. भावावर आपण भांडतो. ते दूध देणारी म्हैस त्या आठवड्यात कोणत्या औषधावर होती, हे मात्र कोणी विचारत नाही.

आधी यंत्र काय करतं ते पाहू. निरोगी दुभतं जनावर दिवसातले सात-आठ तास रवंथ करतं. पोटात काही बिघडलं, ताप चढू लागला, की डोळ्यांना काही दिसायच्या आधी रवंथ कमी होतो. पट्ट्यातला सेन्सर मान आणि जबडा यांची हालचाल मोजतो. काही पट्ट्यांत बारीक मायक्रोफोन असतो, तो चावण्याचा आणि गिळण्याचा आवाज ऐकतो. पावलं मोजणारं यंत्र त्याहून जुनं, ते मुख्यतः गाय माजावर आली का हे कळण्यासाठी आलं. तिसरा प्रकार पोटातला. औषधाच्या मोठ्या गोळीसारखी नळी जनावराला गिळवतात, ती पोटाच्या पहिल्या कप्प्यांत कायमची बसते आणि तिथलं तापमान, काहींत आम्लताही, रेडिओवरून पाठवत राहते. जनावराने गार पाणी प्यायलं की तापमानाची रेघ धाडकन खाली येते, म्हणून दिवसात किती वेळा पाणी प्यायलं तेही कळतं. आणि चौथा प्रकार दुधाचा. कासेला सूज आली की रक्तातलं सोडियम आणि क्लोराइड दुधात झिरपतं, दूध किंचित खारट होतं आणि त्यातून वीज जास्त सहज वाहते. ही विद्युतवाहकता मोजणारा सेन्सर दूध काढण्याच्या यंत्रातच बसवता येतो.

आता यातला कोणता सेन्सर कोणता आजार पकडतो, हा कळीचा प्रश्न. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१६ मध्ये रवंथ आणि हालचाल मोजणाऱ्या पट्ट्यांवरचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. विण्यानंतर पोट जागचं सरकणं आणि शरीरातली ऊर्जा कमी पडून होणारा किटोसिस हे आजार पट्ट्याने दहापैकी नऊ किंवा त्याहून जास्त वेळा पकडले, तेही डॉक्टरांनी निदान करण्याच्या आधी. कासदाहाच्या, म्हणजे कासेला सूज येण्याच्या, बाबतीत मात्र प्रमाण निम्म्याच्या थोडंच वर गेलं. कोलाय जंतूंमुळे होणारा जोरदार कासदाह बऱ्यापैकी सापडला, बाकीचा बराच निसटला. त्याला कारण आहे. सुप्त कासदाहात जनावर खातं-पितं, रवंथ करतं, ताप नसतो, कास वरून ठीक दिसते. बिघाड फक्त दुधात असतो. आणि आपल्याकडे दुभत्या जनावराच्या मालकाचं सगळ्यात जास्त नुकसान करणारा रोग विचाराल, तर कोणताही गुरांचा डॉक्टर कासदाहाचंच नाव घेईल; गावाकडे त्यालाच दगडी म्हणतात. म्हणजे ज्या रोगासाठी पट्टा घ्यावा, त्यातच तो कच्चा.

शिवाय हे पट्टे बेतले गेले ते मोकळ्या गोठ्यात फिरणाऱ्या होल्स्टीन या विदेशी जातीच्या गायींवर. आपल्या तबेल्यातली म्हैस दावणीला बांधलेली असते. खाणं तिथे, बसणं तिथे, दूध तिथे. तिची पावलं मोजून काय कळणार? म्हशीचा माज मुका, वरून फारसा दिसत नाही, म्हणून तिथे यंत्राची मदत खरी हवी होती. पण पावलांवर चालणारं यंत्र बांधलेल्या म्हशीपुढे हतबल आहे. रवंथाची मोजणी तरी चालेल, पण तिचे उंबरठे, म्हणजे रवंथ किती घटला की इशारा द्यायचा ते आकडे, म्हशीवर, तबेल्यातल्या चाऱ्यावर आणि मुंबईच्या हवेत नव्याने ठरवावे लागतील. हवेचं उदाहरण घ्या. जनावरांवरचा उष्णतेचा ताण मोजायला तापमान आणि आर्द्रता मिळून एक निर्देशांक काढतात. दुभत्या गायीला तो ७२ च्या वर गेला की त्रास सुरू होतो, असं पाठ्यपुस्तकं सांगतात. तापमान ३० अंश आणि आर्द्रता ७५ टक्के धरली तर तो ८२ येतो, आणि अशी हवा मुंबईत काही अपवादाची नाही. त्यात म्हशीचं कातडं काळं, घामाच्या ग्रंथी गायीपेक्षा कितीतरी कमी; तिला डुंबायला पाणी लागतं आणि तबेल्यात मिळतो पाइप. परदेशी उंबरठा तसाच ठेवला तर यंत्र आजार सांगणार नाही, मुंबई उकडते हेच पुन्हा पुन्हा सांगेल.

खोट्या इशाऱ्यांचा हिशेब एकदा मांडूनच टाकू, कारण जाहिरातीत तो नसतो. समजा एका ठिकाणी ५०० म्हशी आहेत आणि आज त्यातल्या पाच आजाराच्या वाटेवर आहेत. यंत्र चांगलं आहे; पाचांतल्या चार अचूक पकडतं, आणि निरोगी शंभर म्हशींपैकी फक्त पाचांबद्दल उगाच ओरडतं. ऐकायला झकास. पण निरोगी म्हशी ४९५ आहेत, त्यांचे पाच टक्के म्हणजे जवळपास २५. आज मोबाइलवर २९ इशारे आले, खरे त्यातले चार. उद्या पुन्हा तेवढेच. हाउसिंग सोसायटीतला फायर अलार्म उगाच वाजायला लागला की वॉचमन काय करतो, ते आपल्याला ठाऊक आहे.

हे दोष सुधारता येतील. उंबरठे बदलतील, म्हशीवरचे प्रयोग होतील. परळला १८८६ पासून पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, हे काम त्यांचंच. मला काळजी आहे ती यंत्र अचूक झाल्यावर काय होईल याची.

धरून चालू की इशारा खरा आहे. अमुक नंबरच्या म्हशीला कासदाह सुरू होतोय. मालकापुढे आता रस्ते काय? डॉक्टर बोलवायचा, सडात प्रतिजैविकाची ट्यूब सोडायची, इंजेक्शनं द्यायची. त्या औषधाचा अंश दुधात उतरतो, म्हणून उपचार चालू असताना आणि नंतर लेबलवर लिहिलेले दिवस ते दूध विकायचं नाही, असा नियम आहे. एका सडात औषध सोडलं तरी चारही सडांचं दूध बाद. दहा लिटरची म्हैस धरा, ८५ रुपये भाव धरा. दिवसाचे ८५० रुपये गटारात. असे पाच दिवस म्हणजे सव्वाचार हजार, वर डॉक्टर आणि औषध. हा खर्च मालकाचा. फायदा कोणाचा? दूध पिणाऱ्याचा, जो त्याला यासाठी दमडी जास्त देत नाही. आणि म्हशीचा, जिला विचारतं कोण.

मग तो काय करेल? बरेच मालक प्रामाणिक आहेत, हे मी मानतो. पण व्यवहार प्रामाणिकपणाच्या भरवशावर उभा करायचा नसतो. इशारा आला, उपचार केला आणि दूध कॅनमध्ये ओतलं, तर त्याला अडवणारं कोणी नाही. इशारा आला आणि काही केलंच नाही, तर दुधात गाठी दिसेपर्यंत विक्री चालूच. दोन्ही रस्ते सव्वाचार हजारांच्या रस्त्यापेक्षा स्वस्त आहेत. अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने २०१८ मध्ये देशभरातून दुधाचे ६,४३२ नमुने तपासले. त्यातल्या ७७ नमुन्यांत प्रतिजैविकांचं प्रमाण मर्यादेबाहेर निघालं. आकडा लहान आहे हे कबूल, उगाच घाबरवण्यात अर्थ नाही. (त्याच पाहणीत बुरशीमुळे येणारं अफ्लाटॉक्सिन ३६८ नमुन्यांत मर्यादेबाहेर होतं. ते येतं पेंडीतून, आणि गळ्यातल्या कोणत्याही पट्ट्याला कळत नाही. याबद्दल मात्र कोणी मोबाइल ॲप काढलेलं नाही.) पण ते ७७ नमुने औषध नेमकं कुठे जातं ते दाखवतात. उद्या आजार लवकर कळू लागले आणि दूध फेकण्याचा खर्च मालकाच्याच माथी राहिला, तर उपचार जास्त वेळा होतील आणि हा आकडा वाढेल. लवकर निदानामुळे औषधं कमी लागतात, असं विकणारे सांगतात. लागू शकतात, पण त्यासाठी इशाऱ्यानंतर दुधाची तपासणी करून, औषधाची गरज आहे का हे ठरवणारा डॉक्टर मध्ये हवा. तो नसेल तर इशारा थेट इंजेक्शनात उतरतो. तबेल्यात पान्हा सोडवायला ऑक्सिटोसिनची सिरिंज कोण वापरतं, हे मुंबईला नव्याने सांगायला नको.

मुंबईच्या धंद्याचं आणखी एक वैशिष्ट्य आहे, ते लक्षात न घेता इथे कोणतीही पशुयोजना चालत नाही. तबेल्यातली म्हैस इथे जन्मत नाही. ती गुजरातेतून, हरियाणातून, व्यालेली किंवा विण्याच्या बेतात असलेली विकत येते. लाखाच्या पुढे किंमत मोजून येते. एक वेत दूध देते. भाकड झाली की मुंबईच्या जागेच्या आणि चाऱ्याच्या भावात तिला पुन्हा गाभण जाईपर्यंत पोसणं परवडत नाही, म्हणून ती विकली जाते; आणि म्हशीला २०१५ चा गोवंश हत्याबंदीचा कायदा लागू नसल्यामुळे पुष्कळदा तिचा रस्ता देवनारच्या कत्तलखान्याकडे वळतो. रेडकाचं काय होतं ते लिहीत नाही. आता सेन्सरच्या फायद्यांची यादी काढून बघा: जनावराचं आयुष्य वाढतं, पुढच्या वेताला वेळेवर गाभण जातं, कास वर्षानुवर्षं निरोगी राहते. हे सगळे फायदे दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या वेतात हाती येणारे. ज्या म्हशीला दुसरं वेतच नाही, तिच्या मालकाला ही यादी वाचून दाखवणं म्हणजे भाडेकरूला इमारतीच्या पुनर्विकासाची स्वप्नं दाखवण्यातलाच प्रकार.

पट्टा जिथे शोभतो तिथे तो जरूर असावा. पुणे जिल्ह्यात मंचरजवळ हजारांच्या घरात होल्स्टीन गायी असलेला गोठा आहे, तिथलं दूध मुंबईत घरपोच येतं. गायी तिथल्याच, वासरं तिथलीच, डॉक्टर पगारावर, दूध काढणं यंत्राने. अशा ठिकाणी इशाऱ्यावर धावणारा माणूस आहे आणि त्याचा फायदा मालकाच्याच खिशात जातो. त्यांनी पट्टे घ्यावेत, स्वतःच्या पैशाने घ्यावेत. सार्वजनिक पैशाचा प्रश्न आला की मात्र मला वेगळं म्हणायचं आहे.

सरकार आज जनावराच्या आजारासाठी पैसे देतं ते कधी, ते पाहा. २०२२ मध्ये गुरांचा लम्पी त्वचारोग आला, तेव्हा दगावलेल्या दुभत्या गायीमागे राज्य सरकारने ३० हजार रुपये दिले. गरजेचे होते, चांगलं केलं. पण हे पैसे मरणानंतरचे. गाय वाचावी म्हणून ज्याने पहिल्याच दिवशी कळवलं, जनावर बाजूला बांधलं, बाजारात नेलं नाही, त्याला काय मिळालं? शाबासकीही नाही. विम्याचंही तेच. कानात बिल्ला नसेल तर दावा नाही, हा पशुविम्यातला नियम पशुपालकांना पाठ आहे. कानातल्या पिवळ्या प्लास्टिकच्या तुकड्यावरून दावे अडत असतील, तर गळ्यातल्या पट्ट्यावरून काय होईल? म्हैस मेली, मालक दावा घेऊन गेला, आणि समोरच्याने नोंद काढली: तुमच्या मोबाइलवर सोमवारी इशारा आला होता, तुम्ही बुधवारपर्यंत डॉक्टर बोलावला नाही, निष्काळजीपणा, दावा नामंजूर. त्या सोमवारी त्याला २९ इशारे आले होते, ही गोष्ट फायलीत येणार नाही. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा २०२३ चा कायदा माणसांसाठी केलेला आहे. म्हशीच्या रवंथाची नोंद मालकाची, कंपनीची, बँकेची की विमावाल्याची, हे आज ज्याच्या त्याच्या करारातल्या बारीक अक्षरांत ठरतं. म्हणून पट्ट्याला सरकारी अनुदान द्यायचंच असेल तर एक अट लेखी हवी: त्यातली नोंद मालकाविरुद्ध दाव्यात वापरता येणार नाही.

आता पैसे कुठे घालावेत ते. माझ्या मते दुधात. गळ्याकडे नव्हे, कॅनकडे पाहावं. दूध दिवसातून दोनदा हाताळलं जातंच, त्यासाठी जनावराला काही बांधायला-गिळवायला लागत नाही. कॅलिफोर्निया मास्टायटिस टेस्ट १९५७ पासून जगाला माहीत आहे: चार वाट्यांची एक प्लास्टिकची पळी, प्रत्येक वाटीत एका सडाच्या दोन-चार धारा, त्यात साबणासारखं द्रावण, आणि हलवलं की खराब दूध शेंबडासारखं घट्ट होतं. याला बॅटरी लागत नाही, नेटवर्क लागत नाही. चार सडांतला नेमका कोणता बिघडला हेही कळतं, जे पट्ट्याला कधीच कळणार नाही. तबेल्यातल्या गड्याला आठवड्यातून एकदा हे करायला शिकवणं आणि त्याचे वेगळे पैसे देणं, यात तंत्रज्ञानाचा थाट नसेल, पण काम होईल. तो गडी रोज प्रत्येक सड हातात घेतो. कास गरम लागते का, म्हैस पान्हा चोरते का, हे त्याच्याइतकं कोणाला कळतं? त्याला कळतं आणि तो बोलत नाही, कारण बोलून त्याला काही मिळत नाही, उलट मालकाच्या शिव्या मिळायची शक्यता जास्त.

विद्युतवाहकता मोजणारा सेन्सर मात्र मला हवा आहे, आणि तो मुंबईबाहेरही हवा. कारण या शहराचं बहुतेक दूध तबेल्यातलं नाहीच. ते कोल्हापूरहून, सांगलीहून, पुण्याहून, गुजरातेतून टँकरने येतं. कोल्हापूरच्या गावातल्या दूध संस्थेत सकाळ-संध्याकाळ प्रत्येक सभासदाच्या दुधाची फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून उरलेले घन घटक) मशिनवर मोजली जाते. बहुतेक सभासदांकडे दोन-तीन जनावरं. म्हणजे संस्थेच्या काट्यावर आलेली किटली ही जवळपास एकेका जनावराचीच किटली असते. तिथल्या मशिनला वाहकतेची जोड दिली आणि आजच्या आकड्याची तुलना त्याच सभासदाच्या मागच्या महिन्याशी केली, तर पट्टा न बांधता गावभरच्या कासदाहाचा माग लागतो. फॅट आणि तापमानाप्रमाणे हा आकडा थोडा हलतो, त्यामुळे एकाच मोजणीवर निकाल द्यायचा नाही. तीन वेळा सलग वर गेला तर पळीने तपासायचं. याच कॅनमधल्या दुधावर ब्रुसेलोसिसची मिल्क रिंग टेस्टही करता येते. हा रोग जनावरापासून माणसाला होतो, धार काढणाऱ्याला आणि कच्चं दूध पिणाऱ्याला सगळ्यात आधी. राष्ट्रीय कार्यक्रमात त्याची लस चार ते आठ महिन्यांच्या मादी वासरांना दिली जाते. मुंबईत येणारी म्हैस ते वय ओलांडून कधीच मोठी झालेली असते. तिला ती लस मिळाली होती का, हे विचारायला इथे कोणी बसलेलं नाही.

एक धोका आहे आणि तो खरा आहे. फॅट कमी लागली की भाव कापला जातो, हे शेतकऱ्याच्या अंगवळणी पडलंय. वाहकता वाढली की भाव कापायचा, असं उद्या एखाद्या दूध संघाने ठरवलं तर तिसऱ्या दिवशी शेतकरी आजारी म्हशीचं दूध निरोगी म्हशीच्या दुधात मिसळून आणेल, आणि सेन्सर आंधळा होईल. म्हणून हा आकडा भावाच्या पावतीवर छापायचाच नाही. तो जावा डॉक्टरकडे, आणि डॉक्टरने यावं फुकट. १९६२ या नंबरवर फोन केला की फिरतं पशुवैद्यकीय पथक येतं, अशी सोय सरकारने उभी केलेली आहे. इशारा तिथे जोडता येईल. पण त्या गाड्या किती, डॉक्टर किती, रिकाम्या जागा किती, हा प्रश्न पट्ट्यांच्या निविदेआधी विचारायला हवा. इशारा दोन दिवस आधी आला आणि डॉक्टर तीन दिवसांनी आला, तर आपण विकत काय घेतलं?

गोरेगावच्या आरे दूध वसाहतीची आठवण इथे येते ती झाडांसाठी नाही. मेट्रो कारशेडच्या वादात आरे म्हणजे जंगल एवढंच आपल्या डोक्यात राहिलं. १९४९ मध्ये ही वसाहत उभी राहिली, ४ मार्च १९५१ ला पंडित नेहरूंनी तिचं उद्घाटन केलं, आणि ती उभारणाऱ्या दारा खुरोडींना १९६३ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला, तो मुंबईच्या दुधासाठी. त्यामागची कल्पना साधी होती. शहरभर गल्लोगल्ली कोंबलेले तबेले उचलून १,२८७ हेक्टरांवर आणायचे. म्हैस मालकाचीच राहील, पण गोठा, पाणी, दुधाचं संकलन सरकार बघेल. कागदावर गोठ्यांची ३२ युनिट आणि १६ हजार जनावरांची सोय. म्हणजे युनिटमागे सरासरी ५००; वर मांडलेल्या हिशेबातला आकडा मी तिथूनच उचलला. पुढे आरेचं काय झालं, पालघर जिल्ह्यातल्या दापचरीला तबेले हलवायच्या योजनेचं काय झालं, हा वेगळा आणि दुःखाचा विषय आहे. पण ते तत्त्व आजही चोख आहे: जनावर खासगी, आणि ज्यात सगळ्यांचा फायदा ते सार्वजनिक. रोगाची बातमी सगळ्यांच्या फायद्याची असते. ती काढण्याचा खर्चही मग सगळ्यांचाच.

हा खर्च म्हणजे फेकलेल्या दुधाची भरपाई. अशी भरपाई आपल्याकडे अगदीच अनोळखी नाही. २००६ च्या फेब्रुवारीत नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापुरात देशातला पहिला बर्ड फ्लू सापडला, तेव्हा मारलेल्या कोंबड्यांचे पैसे पोल्ट्रीवाल्यांना दिले गेले, कारण न देता कोणी कोंबड्या दाखवल्या नसत्या. दुधाला तेच लावायचं. डॉक्टरने कासदाहाचा उपचार लिहून दिला, की बंदीच्या दिवसांतलं दूध संकलन केंद्रावर आणायचं. तिथे त्यात खायचा निळा रंग टाकायचा म्हणजे ते परत कॅनमध्ये जाणार नाही. आणि भावाच्या ७० टक्के रक्कम मालकाच्या खात्यात. पूर्ण भाव द्यायचा नाही, नाहीतर म्हैस आजारी ठेवणं हाच धंदा होईल. लोक यातही फसवतील, असं मला सांगितलं जाईल. फसवतील की. निरोगी म्हशीचं दूध निळं करून आणतील. पण ८५ चं दूध ६० रुपयांना सरकारला विकायची हौस किती जणांना असेल?

पैशाचा अंदाज असा. दहा लिटर, ८५ रुपये, ७० टक्के, पाच दिवस: एका म्हशीमागे सुमारे तीन हजार. एका युनिटमध्ये ५०० म्हशी आणि वर्षाला असे शंभर उपचार धरले तर तीन लाख. ३२ युनिट भरलेली आहेत असं समजलं, जी आज नाहीत, तरी कोटीच्या आत. याच ५०० म्हशींना प्रत्येकी पाच हजारांचा पट्टा बांधायचा तर एका युनिटलाच २५ लाख लागतात. पट्टा काही वर्षं टिकतो हे धरलं तरी म्हैस टिकत नाही, आणि तिच्याजागी आलेल्या नव्या म्हशीची नेहमीची चाल-रवंथ यंत्राला पुन्हा पहिल्यापासून शिकावी लागते. माझे आकडे कोणी खोडून काढले तर हरकत नाही. तबेलेवाल्यांनी, परळच्या डॉक्टरांनी, दुग्धविकास खात्याने बसून ते दुरुस्त करावेत. एका युनिटवर एक वर्ष पळी, वाहकतेचं मशीन, ठरलेल्या दिवशी येणारा डॉक्टर आणि निळ्या दुधाचे पैसे, एवढं करून बघायला कोणत्याही परदेशी कंपनीशी करार करावा लागत नाही. त्या वर्षात दुधातल्या प्रतिजैविकांची तपासणी दर महिन्याला व्हावी आणि तिचे निकाल, चांगले-वाईट जसे असतील तसे, युनिटच्या फाटकावर लावावेत. पट्ट्यांची निविदा त्यानंतर काढायची की नाही, ते त्या कागदावरून ठरवता येईल.